निगा
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

हिंगोली शहरात रिसाला बाजार आहे, पलटण आहे आणि पेन्शनपुराही आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला ही नावं जरा गमतीची वाटतात, पण त्यांच्यामागे एक अख्खा काळ उभा आहे. निजामाच्या राज्यात, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली असलेल्या ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाच्या फौजेची इथे छावणी होती. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणी उठली. घोडेस्वार गेले, रिसाला राहिला. पायदळ गेलं, पलटण राहिली. नोकरी संपलेले शिपाई गेले, पेन्शनपुरा राहिला.

त्या छावणीच्या काळाबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी निजामाच्या नोकरीत होता. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये गाजली. तिच्या प्रस्तावनेत आपली हिंगोली येते. १८२९च्या सुमारास इथल्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी होता आणि तो पुढे ठग निघाला, अशी ती हकीकत आहे. म्हणजे विलायतेतल्या वाचकाला हिंगोलीचा ठग नावानिशी ठाऊक झाला.

आता श्रोतेहो, मी एक साधा प्रश्न विचारतो. पेन्शनपुऱ्यातला एखादा म्हातारा शिपाई रात्री खोकत उठायचा, तेव्हा त्याला पाणी कोण द्यायचं? त्याच्यासाठी अडुळशाची पानं कोण उकळायचं, आणि तो अडुळसा घरामागे लावला कुणी, त्याला उन्हाळ्यात पाणी कुठून आणलं? बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. लढाया, तह, महसुलाच्या पद्धती हे सगळं मी पाठ केलं. बागांचाही इतिहास होता, पण तो बादशहांच्या बागांचा. बीबीच्या मकबऱ्याभोवतीच्या चारबागेवर पाच गुणांचा प्रश्न यायचा. घरामागच्या परसावर कधी अर्धा गुणही नव्हता. ठगाचं नाव राहिलं, सुईणीचं राहिलं नाही.

परसबाग हा शब्दच बघा. परस हा आपला जुना मराठी शब्द आणि बाग फारसी. दोघांचा संसार कधी थाटला गेला ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण आज ते वेगळे करता येत नाहीत. दुसरा शब्द आहे ‘निगा’. मूळ फारसी ‘निगाह’, म्हणजे नजर. मराठीत येताना त्यातला शेवटचा ‘ह’ गळाला आणि अर्थ वाढला. लक्ष ठेवणं, जपणं, वाढवणं हे सगळं त्यात आलं. आणि हा शब्द आपण झाडालाही वापरतो, माणसालाही. लिंबाच्या रोपाची निगा राखावी लागते आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचीही निगाच राखावी लागते. आजाऱ्याच्या सेवेला संस्कृतातून आलेला ‘शुश्रूषा’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. म्हणजे आपल्याकडे जो शब्द आहे त्यात एकाने पाहायचं आहे आणि दुसऱ्याने ऐकायचं आहे. औषध दोन्हींत नाही. मी कवी असल्यामुळे शब्दांपाशी जरा जास्तच रेंगाळतो, पण जिथे कागद नसतात तिथे शब्द हाच कागद असतो, म्हणून हे सांगितलं.

आमच्या भागातलं जुनं घर म्हणजे माळवदाचं. पुढे ओसरी, आत माजघर, मागे परस. मराठवाड्यात पाणी हे डोक्यावरून आणायचं. त्यामुळे परसबागेचं सगळं गणित न्हाणीच्या सांडपाण्यावर चालायचं. अंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं पाणी मोरीतून मागे जायचं. ज्याला जास्त पाणी लागतं ते मोरीच्या तोंडाशी. तिथे अळू, ज्याला आमच्याकडे चमकुरा म्हणतात, केळीचा एखादा गड्डा आणि हळदीच्या चार ओळी. त्याच्या पलीकडे गवती चहा, पुदिना, ओव्याचं रोप, कोरफड. कुडाच्या कडेला शेवगा. मांडवावर दोडका किंवा कारलं. हिंदूच्या घरी पुढच्या अंगणात तुळस, मुसलमानाच्या घरी मागे मेंदीची झुडपं. आमची दादी मेंदी फक्त ईदला हातावर काढायची नाही, ताप चढला की तळपायालाही लावायची. शेजारणी तिच्याकडून मेंदी न्यायच्या आणि तुळशीची पानं देऊन जायच्या. खोकल्याला धर्म नसतो हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

या चार हातांच्या जागेत जग किती मावलं होतं तेही पाहण्यासारखं आहे. हळद, शेवगा, तुळस ही आपल्याच मातीतली. डाळिंब इराणकडचं. मेंदी पश्चिम आशियाकडून आलेली. पपई, मिरची, लाल भोपळा आणि पेरू ही सगळी अमेरिका खंडातली मंडळी, पोर्तुगिजांच्या जहाजांनंतर इकडे रुळलेली. पेरूला आमच्याकडे ‘जाम’ म्हणतात. त्याला आपण इतकं आपलं केलं की तो परदेशी आहे असं सांगितलं तर माणसं हसतात. दिल्लीला किंवा हैदराबादला कोण गादीवर बसलं हे खेड्यातल्या बाईला उशिरा कळलं असेल, पण मिरचीचं बी तिच्या पदरात लवकर आलं. तिने ते पेरलं, पुढच्या वर्षासाठी राखलं, लेकीच्या ओटीत घातलं. बियाणं गावोगाव पसरलं ते असं, सासर-माहेरच्या वाटेने.

हे सगळं अगदीच नोंदीबाहेर राहिलं असंही नाही. हिंगोलीजवळचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावाचेही अभंग आहेत, आणि त्यांत तक्रारी आहेत. घरात खायला नाही, हा माणूस देवाच्या नादी लागलाय, संसार कोण बघणार, अशा. त्या घरात काम करणारी जनाबाई आपल्या शेजारच्या गंगाखेडची. तिने तर दळण, कांडण, सडा-सारवण, शेण्या वेचणं हेच काव्याचं साहित्य केलं आणि देवालाच हाताखाली कामाला घेतलं. तिकडे अरणच्या सावता माळ्याने भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल पाहिला. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी घरात कोणती कामं होती, ती कुणाच्या वाट्याला होती हे समजायला या अभंगांइतकं खात्रीचं साधन मला तरी दुसरं दिसत नाही. आपण ते भक्तीचे म्हणून गातो. कधीतरी ते घरकामाची कागदपत्रं म्हणूनही वाचून बघावेत.

पुढची साक्ष जात्यावरच्या ओव्यांची. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७पासून त्या इंटरनेटवरही टप्प्याटप्प्याने येत आहेत. त्यात मराठवाड्यातल्या बायाही आहेत. भाऊ, माहेर, लेकीचं दुखणं, सासूचं बोलणं, दारातलं झाड हे सगळं त्यात आहे. एक लाख ओव्या म्हणजे जगातल्या कुठल्याही दप्तरखान्याने हेवा करावा असा ऐवज. पण जातं थांबलं, पिठाची गिरणी आली आणि पहाटेचा तो वेळ गेला. गिरणी आली हे चांगलंच झालं. दोन-दोन तास दळण्याची हौस कुणालाही नव्हती. गाणं गेलं याची हळहळ करणाऱ्याने आधी आठवडाभर ज्वारी दळून दाखवावी.

तसंच परसातल्या औषधाचं. मी वैद्य नाही, आणि आजीबाईच्या बटव्याचं जे कौतुक अलीकडे चालतं त्यात मला पूर्ण सामील होता येत नाही. मुका मार लागला तर आंबेहळद, भाजलं तर कोरफड, बाळाचं पोट दुखलं तर ओवा, इथपर्यंत ठीक. पण नाळ कापायला घरातलंच कसलंही पातं घेतल्यामुळे धनुर्वाताने गेलेली मुलं प्रत्येक घराण्यात होती. बाळंतीण दगावणं ही नेहमीची गोष्ट होती. परस जे करू शकत होतं ते त्याने केलं, जे करू शकत नव्हतं ते कबरस्तान आणि मसणवटा यांना माहीत आहे.

मोठ्या संकटांत तर हे फारच उघडं पडलं. १८९९-१९००च्या दुष्काळात निजामाच्या राज्यातलीही माणसं मेली, गावं उठली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या वाढायची ती घटली, १ कोटी १५ लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर आली. अशा वेळी आधी वाळतं ते परस, कारण माणसांनाच अंघोळ नाही तर मोरीला पाणी कुठलं? मग बाया रानात जायच्या. तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा, कुंजर अशा आपोआप उगवणाऱ्या भाज्या ओळखणं ही त्या काळी जीव वाचवणारी विद्या होती आणि ती आईकडूनच लेकीकडे यायची.

त्यानंतर आली १९१८ची मानमोडी. इन्फ्लुएंझाला आपल्या लोकांनी दिलेलं हे नाव. मान मोडावी तशी माणसं मोडली. १९११ साली १ कोटी ३३ लाखांवर गेलेली हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९२१च्या खानेसुमारीत १ कोटी २४ लाखांवर आली. वाढ तर नाहीच, उलट जवळजवळ नऊ लाख माणसं कमी. त्यात प्लेग होता, अवर्षण होतं, पण मोठा घास घेतला तो मानमोडीने. या साथीबद्दल एक गोष्ट अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. जगात बऱ्याच ठिकाणी या तापाने पुरुष अधिक मेले, हिंदुस्थानात मात्र स्त्रिया अधिक मेल्या. याची जी कारणं दिली जातात त्यातलं एक असं की घरातल्या आजाऱ्यांची निगा त्याच राखत होत्या. खोकणाऱ्याच्या उशाशी त्या, त्याची थुंकी काढणाऱ्या त्या, उष्टं खाणाऱ्या त्या, आणि स्वतः तापल्या तर पाणी द्यायला कुणी नाही. सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या अंगात ताकदही कमीच असणार. घराघरांतल्या शुश्रूषेची सरकारी कागदावर पडलेली ही बहुधा पहिली मोठी नोंद, आणि ती मृत्यूच्या रकान्यात पडली.

त्याच सुमारास, म्हणजे १९२० साली, हैदराबादेत हकीम मोइझुद्दीन फारुकी यांनी ‘जिंदा तिलिस्मात’ काढलं. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही श्रोत्याला ती छोटी बाटली आणि तिच्यावरचा हबशी शिपाई आठवेल. निजामाच्या फौजेतल्या हबशांचं ते चित्र. निलगिरीचं तेल, कापूर, पुदिन्याचं सत्त्व आणि ओव्याचं फूल असा तो मसाला. सर्दी, डोकेदुखी, पोटदुखी, सगळ्यावर एकच बाटली. बाटली नवी होती, पण आतला ओवा आणि पुदिना परसातलाच. संस्थान १९४८ साली संपलं तरी बाटली राहिली. आजही आमच्याकडे किराणा दुकानात मिळते आणि हिंदू-मुसलमान दोघेही घेतात. निजामाच्या राज्यातल्या फार थोड्या गोष्टींबद्दल असं म्हणता येईल.

बाळंतपणाच्या रीतींतही हेच दिसतं. मराठी घरात बाळंतिणीला ओवा, बाळंतशोपा, डिंकाचे लाडू, खाटेखाली शेगडी आणि सव्वा महिना आराम. दखनी मुसलमानांच्या घरात तिला ‘अछवानी’ पाजतात, ओवा-गुळाची, आणि चाळीस दिवसांचा ‘छिल्ला’ पाळतात. सव्वा महिना आणि चाळीस दिवस यांत फरक दोन-तीन दिवसांचा. मशिदीत आणि देवळात जे वेगळं होतं ते बाळंतिणीच्या खोलीत एकच होतं, बहुतेक ठिकाणी सुईणही एकच.

१९४८चा उल्लेख निघालाच आहे तर थांबून बोलायला हवं. त्याआधीच्या वर्षात रझाकारांच्या धास्तीने आपल्या भागातली कितीतरी हिंदू कुटुंबं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली, आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत मुसलमानांवर वेळ आली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आमच्या घरात या दिवसांबद्दल फार बोलत नसत. दादी एवढंच सांगायची की आधी शेजारचं घर बंद होतं तेव्हा तिने त्यांच्या परसातल्या लिंबाला पाणी घातलं, आणि नंतर आमचं घर बंद होतं तेव्हा त्या शेजारणीने आमच्या डाळिंबाला. परत आल्यावर दोघी पहिल्यांदा काय बोलल्या असं मी लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, लिंबं किती लागली ते बोललो. यावर विश्वास ठेवायला कागद नाही. मी ठेवतो.

१९७२चा दुष्काळ मी पाळण्यात असताना पाहिला, म्हणजे पाहिला नाहीच. अम्मीच्या बोलण्यातून तो कळला. विहिरींचा तळ दिसला, लाल मिलो आली, पोरांना सुकडी मिळाली आणि घरातल्या बाया पहिल्यांदा हजेरीपटावर आल्या. रोजगाराच्या कामावर खडी फोडली की नाव लिहिलं जायचं, अंगठा घेतला जायचा, मजुरी मिळायची. संध्याकाळी घरी येऊन त्याच बाईने भाकरी केली, तान्ह्याला पाजलं, सासूचे पाय चेपले, त्याचा हजेरीपट नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं. पुढे तिथे गृहविज्ञान शिकवायला लागले आणि परसबाग हा शिकवण्याचा विषय झाला. ज्यांना ती येत होती त्या मात्र शाळेत गेलेल्या नव्हत्या.

आता हळदीकडे येतो. हिंगोली जिल्ह्याची ओळखच आज हळद आहे. १९६०च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालव्याचं पाणी वसमतच्या शिवारात फिरलं. ज्या पिकाला नऊ महिने ओलावा लागतो, जे मोरीच्या तोंडाशी चार ओळींत सांभाळावं लागायचं, ते पुढे कालव्या-विहिरींच्या जोरावर एकरांनी पसरलं. काढायचं, शिजवायचं, वाळवायचं, पॉलिश करायचं आणि बाजारात न्यायचं. हिंगोलीतल्या हळदीच्या मार्केट यार्डाला संत नामदेवांचं नाव आहे. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, ही आनंदाचीच गोष्ट. फक्त एक बदल असा की परसातली हळद बाईच्या हातात होती, शेतातली हळद पट्टीवर पुरुषाच्या नावाने विकली जाते. बेणं निवडणं आणि हळद शिजल्यावर वाळत घालणं, वेचणं ही कामं मात्र अजून तिच्याकडेच आहेत.

आणि याच हळदीने एकदा घरातल्या ज्ञानाची परीक्षा पाहिली. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना हळदीने जखम भरते या ‘शोधा’चं पेटंट मिळालं. ते दोघे मूळचे भारतीयच होते, ही यातली गंमत. गुडघा फुटून रडत आलेल्या प्रत्येक पोराला जे माहीत होतं त्याचं पेटंट! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आपण जिंकलो. पण कशाच्या जोरावर जिंकलो? आजी लावत होती, हा पुरावा तिथे चालत नाही. संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ आणि १९५३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेख असे कागद दाखवावे लागले. हजारो वर्षं कोट्यवधी बायांनी ज्या जखमा भरल्या, त्यांपैकी एकीची साक्ष न्यायाच्या दारात उभी राहू शकली नाही. कुणीतरी लिहिलं होतं म्हणून निभावलं. जे कुणीच लिहिलं नाही त्याचं काय?

हा प्रश्न जुना म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ साली केंद्र सरकारने पहिल्यांदा देशभर एक पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं तेव्हा त्यात जात होती. जे पुरुष घरकाम करत होते त्यांची ९७. आणि असे पुरुष तरी किती? शंभरातले २६. स्त्रिया शंभरातल्या ८१. मुलं, म्हातारे, आजारी यांना सांभाळण्यात स्त्रीची १३४ मिनिटं आणि पुरुषाची ७६. हे आकडे वाचले तेव्हा मला पेन्शनपुऱ्यातला तो खोकणारा शिपाई आठवला. इतक्या वर्षांनी का होईना, त्याच्या उशाशी बसलेल्या बाईची मिनिटं कुणीतरी मोजली.

२००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. म्हाताऱ्यांना मुलांकडून पोटगी मागता येते. कायदा हवाच होता. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत मुलं पुण्याला, मुंबईला, ऊसतोडीला नाहीतर निजामाबादला गेलेली असतात आणि घरात म्हातारा-म्हातारी. पैसे फोनवरून येतात. पण पाठीला तेल लावायला फोन येत नाही. ते काम गावात राहिलेल्या एखाद्या सुनेवर, विधवा लेकीवर, नाहीतर ‘आशा’ ताईवर पडतं. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, घरातच विलगीकरण करा असं सगळीकडे सांगितलं जात होतं. त्या सूचनेत घर म्हणजे कोण हे लिहिलेलं नव्हतं. मानमोडीच्या वेळीही नव्हतं.

काही बदलतंय, हेही सांगायला हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं परसातून राखलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेत न गेलेल्या बाईच्या बियाण्याच्या गाडग्यांना राष्ट्रपती भवनाचा दरवाजा उघडला. ‘उमेद’च्या बचत गटांतून गावोगाव पोषण परसबागा लावल्या गेल्या. आणि आणखी एक गोष्ट. आपला सातबारा शेताचा असतो, गावठाणातल्या घराचा आणि मागच्या परसाचा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर बाईचा हात फिरला ती जमीनच महसुलाच्या कागदावर नव्हती. २०२०पासून ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोन उडवून गावठाणं मोजली जात आहेत. घरमालकाला मालमत्तापत्रक मिळतं. त्या नकाशात परसही येईल. त्या पत्रकावर नाव कुणाचं येतं, तेवढं मात्र प्रत्येकाने आपापल्या घरी बघायचं आहे.

गेली काही वर्षं मी एक साधी वही ठेवली आहे. हिंगोली, औंढा, सेनगाव, कळमनुरी या बाजूच्या वयस्कर बायांना भेटलो की त्यांच्या परसात काय होतं आणि त्यांनी कुणाची निगा राखली हे दोनच प्रश्न विचारतो. पहिल्याचं उत्तर त्या भराभर देतात. दुसऱ्यावर थांबतात, कारण ते काम होतं असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सेनगावकडच्या एका बाईच्या नवऱ्याचं अंग वाऱ्याने गेलं होतं. तो बराच काळ खाटेवर होता. किती वर्षं, असं मी विचारलं. तिला सन सांगता येईना. तिने खाट मागच्या दाराशी टाकली होती, त्याला परस दिसावं म्हणून. मग ती बोटं मोजायला लागली. पहिल्या साली मांडवावर दोडका होता, दुसऱ्या साली कारलं, ते त्याला आवडलं नाही म्हणून परत दोडका, मग दोन वर्षं वाल, आणि शेवटच्या साली भोपळा लावला होता, त्याला फुलं आली तेव्हा तो होता, फळ धरलं तेव्हा नव्हता. सहा, ती म्हणाली. मी वहीत सहा लिहिलं, आणि पुढे वेलांची नावंही.